वर्षाचं तिखट: लाल झालं, पण तिखटच नाही! मिरच्या कोणत्या आणि किती घ्यायच्या?

अर्धाकिलो | ६ एप्रिल, रात्री १०:४०

आमच्याकडे वर्षाचं कांदा-लसूण तिखट आई करायची. तिचं माहेर कऱ्हाडचं. प्रमाण विचारलं की उत्तर ठरलेलं: "बघून घ्यायचं." गेल्या वर्षी ऐन एप्रिलात तिचं मनगट मोडलं आणि काम माझ्याकडे आलं. बाजारात गेलो, जी मिरची सगळ्यात लाल दिसली ती २ किलो उचलली. दुकानदार म्हणाला ब्याडगी आहे, एक नंबर माल. देठ खुडले, गच्चीवर चार दिवस वाळवल्या, डंकावर कुटून आणल्या. कांदा, खोबरं, खडा मसाला, सगळं आईच्या देखरेखीखाली झालं. रंग असा की बरणी उघडल्यावर बघत राहावं. पहिल्या दिवशी आमटी केली. आईनं एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे तिखट आहे का कुंकू?"

वर्षभर तेच खाल्लं. एका चमच्याच्या जागी तीन चमचे घालावे लागतात, मग आमटी नुसतीच दाट होते आणि सगळीकडे खोबऱ्याचा वास पुढे येतो.

यंदा तेच परत व्हायला नको. ब्याडगीच्या जोडीला कोणती मिरची घ्यायची आणि किती? बिया ठेवायच्या का काढायच्या? (आई म्हणते ठेव, बायको म्हणते काढ.) आणि बाजारात उभ्या उभ्या मिरची कशी पारखायची? आईचं मनगट आता बरं आहे, पण ती म्हणते, "मी नुसती बघणार. तुला जमलं पाहिजे."

पंचगंगा | ६ एप्रिल, रात्री ११:१५

आईंना दंडवत. कुंकू म्हणजे लईच वर्मावर बोट ठेवलं.

तुमच्या दुकानदारानं फसवलं नाही, ब्याडगी खरीच असणार. ब्याडगीचं कामच रंग द्यायचं. तिखटपणा तिच्याकडं मागायचाच नाही. आमच्या घरात कुटायच्या मिरच्या तीन असतात, आणि तिघींची कामं वेगळी. रंगाला ब्याडगी, वासाला संकेश्वरी, झणक्याला लवंगी. एका किलोला ५०० संकेश्वरी, ३०० ब्याडगी, २०० लवंगी, हे आमचं घरचं. लवंगी २०० च्या वर गेली की पाहुणे परत येत नाहीत, असं आजी म्हणायची.

संकेश्वरी म्हणजे लांब, सडपातळ, पातळ सालीची. गडहिंग्लज बाजारात तिचा सौदा निघतो. खरी संकेश्वरी स्वस्त नसते. कुणी ब्याडगीपेक्षा स्वस्तात देत असेल तर हात जोडून पुढं चालू लागा.

गिरगावकर | ६ एप्रिल, रात्री ११:३२

आम्ही तिला बेडगी म्हणतो. लालबागच्या मसाला गल्लीत ब्याडगी म्हणालात तर दुकानदार लगेच ओळखतो की गिऱ्हाईक पुण्याचं आहे. आमच्या मालवणी मसाल्यात बेडगी, काश्मिरी आणि तिखटाला पांडी. संकेश्वरीही काहीजण घालतात. तिथे मिरची घेतली की धणे, खडा मसाला, भाजणं, कांडणं सगळं एकाच गल्लीत उरकतं, फक्त नाकाला रुमाल बांधून जा. मे महिन्यात तिथून नुसतं चालत गेलं तरी शिंका.

तापीकाठ | ७ एप्रिल, सकाळी ७:०५

वर्षाचं तिखट वगैरे ठीक आहे, पण आमच्या जळगावकडे खरं काम हिरव्या मिरचीचं. भरीत, ठेचा आणि घोटलेली मिरचीची भाजी. तुरीची डाळ, वांगी, भरपूर हिरव्या मिरच्या एकत्र शिजवायच्या आणि घोटायच्या. नाव ऐकून लोक घाबरतात, पण डाळ आणि वांगं मिरचीचा जोर ओढून घेतात. भाकरी चुरून खायची. बोलायला सुचत नाही.

लाल मिरचीचं म्हणाल तर जवळचा मोठा बाजार नंदुरबारचा. हंगामात तिथल्या पथारींवर नजर जाईल तिथपर्यंत लाल. बाहेरच्यांनी एकदा बघून यावं.

रसायनी | ७ एप्रिल, सकाळी ९:२०

बियांचं मी सांगते. मिरची उभी चिरली की आत पांढरट शिरा आणि गाभा दिसतो, बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन तिथे तयार होतं. बियांमध्ये ते जवळजवळ नसतं. बिया तिखट लागतात कारण त्या गाभ्याला घासलेल्या असतात.

म्हणजे आई आणि बायको दोघी आपापल्या जागी बरोबर. लाल रंग (त्याचं नाव कॅप्सॅन्थिन) सालीत असतो. बिया फिकट पिवळ्या, त्या कुटल्या की तिखट केशरीकडे झुकतं. रंग गडद हवा तर ब्याडगीच्या बिया थोड्या झाडून टाका. लवंगीला हात लावू नका, बिया काढताना गाभाही निघून जातो, मग ती लवंगी कसली राहिली.

दुसरं, हे दोन्ही पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून मिसळीचा कट लाल दिसतो आणि खालचा रस्सा तेवढा दिसत नाही. म्हणूनच तोंड भाजल्यावर पाणी प्यायचा उपयोग नाही, पाणी ते नुसतं तोंडभर पसरवतं. दूध किंवा दही घ्या, दुधातलं केसीन त्याला धरून नेतं.

काळंतिखट | ७ एप्रिल, सकाळी ९:४१

सोलापूरकरांना रंगाची काळजीच नाही. आमचं काळं तिखट. कांदा, खोबरं, मसाले इतके भाजतो की मिरची कुठल्या रंगाची होती हे कुटल्यावर कुणाला सांगता यायचं नाही. अर्धाकिलो, हा मार्ग पण विचारात घ्या. कुंकू म्हणायची सोयच नाही.

अर्धाकिलो | ७ एप्रिल, दुपारी १:१०

काळंतिखट, आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "त्यांचं त्यांच्याकडे छान आहे." याचा अर्थ आमच्या घरात काय होतो ते मलाच माहीत.

रसायनीताई, बियांचा वाद मिटला, धन्यवाद. बायको आता म्हणते की ती पहिल्यापासून हेच सांगत होती.

पंचगंगा, तुमचं प्रमाण लिहून घेतलं. पण मिरच्या भाजायच्या का नुसत्या वाळवायच्या? आई नुसत्या वाळवायची. शेजारच्या काकू म्हणतात तेलावर भाजल्याशिवाय मसाला टिकत नाही.

पंचगंगा | ७ एप्रिल, दुपारी १:४५

ब्याडगी भाजू नका भावा. तिला ऊन पुरतं. भाजायला गेलं की दोन मिनिटांत काळी पडते, रंगासाठी दिलेले पैसे धुरात जातात. लवंगी आणि संकेश्वरी अगदी थोड्या तेलावर कोमट करून घेतल्या तर कुरकुरीत होतात आणि डंकावर चांगल्या कुटतात. पण घर सोडायची तयारी ठेवा. आमच्याकडं हे काम अंगणात, चुलीवर, वारा आपल्या पाठीकडून येईल असं बसून.

आणि टिकण्याचं म्हणाल तर ते भाजण्यापेक्षा वाळवण्यावर आहे. हातात घेऊन मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे. वाकली तर अजून एक ऊन द्या.

वऱ्हाडी_वांगं | ७ एप्रिल, दुपारी ३:०२

आमच्या भिवापुरीचं नाव काहून नाही घेत कोणी? नागपूर जिल्ह्यातली भिवापूरची मिरची, भौगोलिक मानांकन मिळालेली. सावजीच्या रश्श्याला जो ठसका लागतो ना, तो नुसत्या ब्याडगीनं येत नसते बाप्पा.

आणि तापीकाठ, ठेच्याचं नाव काढलंत म्हणून विचारतो. तुम्ही मिरच्या भाजता का तळता?

तापीकाठ | ७ एप्रिल, दुपारी ३:२०

तव्यावर थोड्या तेलात, मीठ टाकून, झाकण ठेवून. डाग पडले की लसूण, मग शेंगदाणे, कोथिंबीर. तव्यावरच तांब्यानं रगडायचा. मिक्सरला लावलेल्या ठेच्याला आम्ही चटणी म्हणतो, आणि तीही नाइलाजानं.

वऱ्हाडी_वांगं | ७ एप्रिल, दुपारी ३:२८

शेंगदाणे?? ठेच्यात?

तापीकाठ | ७ एप्रिल, दुपारी ३:३१

हो. शेंगदाणे. ठेच्यात.

पंचगंगा | ७ एप्रिल, दुपारी ३:४०

आमच्याकडं खर्डा म्हणतात. दाणे थोडे चालतात, पण जास्त झाले की ते उपासाचं काहीतरी होतं.

गिरगावकर | ७ एप्रिल, दुपारी ३:५५

उपासावरून आठवलं. एकादशीच्या ताटात साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची. चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावासुद्धा तिकडचाच. हे पोर्तुगीजांच्या मागोमाग इकडे आलं, मिरची तर १६व्या शतकात. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी होती, आणि नव्या पाहुणीचं नावही आपण तिच्यावरूनच ठेवलं. आता पाहुणीशिवाय पान हलत नाही आणि मिरी उरली पोंगलात आणि काढ्यात.

वऱ्हाडी_वांगं | ७ एप्रिल, दुपारी ४:०३

म्हणजे पांडवांनी वनवासात ठेचा नाही खाल्ला. लय वाईट झालं.

व्यवस्थापक | ७ एप्रिल, दुपारी ४:३०

शेंगदाण्याचा वाद वेगळ्या धाग्यावर न्या. मूळ प्रश्न वर्षाच्या तिखटाचा आहे. (आमच्या घरी दाणे घालतात.)

मांडवीकाठ | ८ एप्रिल, सकाळी ८:१५

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे पावसाळ्याआधी पुरुमेंताची खरेदी असते. सुकी मासळी, कोकम, चिंच, कांद्याच्या माळा, आणि सुकी मिरसांग. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मे महिन्यात गेलात तर मिरचीवाल्या बायका गावाच्या नावानं मिरची विकताना दिसतील. काणकोणकडची खोला, पेडण्याकडची हरमल. दोन्हींना मानांकन आहे, खोलाला २०१९ मध्ये मिळालं. खोला डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. रंग उत्तम आणि तिखट बेताचं, त्यामुळे लोणच्याला आणि रेशादला चांगली.

आमचा फरक असा की आम्ही वर्षाचं कोरडं तिखट फार करत नाही. मिरची अख्खी ठेवतो आणि लागेल तेव्हा ओली वाटतो. रेशादसाठी मिरच्या माडाच्या व्हिनेगरात भिजवायच्या, लसूण, जिरं, मिरी, थोडी साखर घालून गंधासारखं वाटायचं. बांगड्यात भरून तळला की पुढचं काही विचारू नका. हा ओला मसाला बाटलीत महिनोन्‌महिने टिकतो, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही एवढंच.

अर्धाकिलो, अख्खी मिरची ठेवली तर रंग जास्त दिवस राहतो. सगळी एकदम कुटायलाच हवी का, याचा एकदा विचार करा.

टेक्सासकर | ८ एप्रिल, सकाळी ११:५०

मी ऑस्टिनला असते. इथल्या भारतीय दुकानात काश्मिरी तिखटाचं पाकीट मिळतं, आणि ते कुंकूच. दोन वर्षं रडले. मग मेक्सिकन दुकानात शिरले तर भिंतभर सुक्या मिरच्या! तिथली ग्वाहियो म्हणजे आपल्या ब्याडगीची लांबची मावशी, रंग भरपूर, तिखट कमी, साल गुळगुळीत. आणि दे आर्बोल नावाची बारीक, लवंगीचं काम करणारी. तीन भाग ग्वाहियो, एक भाग दे आर्बोल, ओव्हनमध्ये अगदी मंद आंचेवर कोरड्या करून मिक्सरला. आईनं गेल्या डिसेंबरात येऊन चव घेतली. म्हणाली संकेश्वरीचा वास नाही, बाकी चालेल.

मेक्सिकन बायका मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटतात, अगदी मांडवीकाठ म्हणतात तसं. दुकानातल्या आजींनी मला मोडक्या इंग्रजीत पहिला धडा दिला की भिजवलेलं पाणी कडू लागलं तर फेकून द्यायचं.

नवखी_सून | ८ एप्रिल, दुपारी २:२०

मध्येच विचारते, रागावू नका. काल मिरच्यांचे देठ काढले आणि हात अजून जळताहेत. साबणानं पाच वेळा धुतले. आणि त्याच हातानं डोळा चोळला, ते तर सांगूच नका.

रसायनी | ८ एप्रिल, दुपारी २:२८

आधी हाताला तेल चोळा, दोन मिनिटं ठेवा, मग भांड्याच्या साबणानं धुवा. कॅप्सेसिन तेलात जातं, साबण तेल घेऊन जातो. डोळ्याला मात्र फक्त साधं गार पाणी, भरपूर. तेल-बिल काही नाही.

आणि जळतंय म्हणजे खरंच भाजलेलं नाही, तेवढा दिलासा. आपल्या त्वचेत आणि जिभेत उष्णता ओळखणारा एक दरवाजा असतो, साधारण ४३ अंशांच्या वर उघडणारा. कॅप्सेसिन तोच दरवाजा उघडतं, म्हणून मेंदूला निरोप जातो की भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये तो शोधला, आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. पक्ष्यांमध्ये हा दरवाजा मिरचीला दाद देत नाही. पोपट मिरची मिटक्या मारत खातो यात त्याचं शौर्य काही नाही.

नवखी_सून | ८ एप्रिल, दुपारी ३:०५

तेलानं खूप फरक पडला. आजेसासूबाईही तेलच लाव म्हणाल्या होत्या, मी ऐकलं नाही. नोबेलवाल्यांचं ऐकलं.

अर्धाकिलो | ९ एप्रिल, रात्री ९:३०

रविवारी बाजारात जातोय. पारखायचं कुणीच नीट सांगितलं नाही अजून.

गिरगावकर | ९ एप्रिल, रात्री १०:१०

आमच्या वडिलांची पद्धत सांगतो, पन्नास वर्षं त्यांनी स्वतः मिरची घेतली. पोत्याच्या वरची मिरची बघायची नाही, हात कोपरापर्यंत आत घालून तळातली मूठ काढायची. मूठ आवळून सोडली की मिरच्या उसळून परत मोकळ्या झाल्या पाहिजेत. दबून राहिल्या तर दमट, म्हणजे वजनात पाणी विकत घेताय. मग त्यातल्या चार मोडून आत बघायचं. बाहेरून लालभडक आणि आत करडी-काळी भुकटी दिसली तर ती बुरशी. ते पोतं सोडायचं, मग भाव कितीही पाडून देवोत. पांढरे डाग पडलेल्या, फिकट झालेल्या मिरच्याही नकोत.

बेडगीची साल सुरकुतलेली असते, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखी. तिच्यातही डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार. डब्बी आखूड, गुबगुबीत, मसाल्याला जास्त मान तिलाच. कड्डी लांब, बारीक. गुळगुळीत, चकचकीत मिरचीला कुणी बेडगी म्हणत असेल तर ऐकून घ्यायचं आणि हसायचं.

पंचगंगा | ९ एप्रिल, रात्री १०:२५

गिरगावकर, वडिलांना नमस्कार सांगा. तळातली मूठ, हे सोनं आहे. यात एकच घालतो: देठ हिरवट-पिवळा आणि घट्ट असावा. देठ हात लावला की गळत असेल तर माल जुना, शीतगृहातून फिरून आलेला असू शकतो. जुना असला तरी खायला वाईट नाही, पण नव्याच्या भावात घेऊ नका.

लवंगीची पारख सोपी. एक तुकडा जिभेवर ठेवायचा. दुकानदाराच्या दुकानात, त्याच्यासमोर. खरी असेल तर तुम्हाला पुढं बोलता येणार नाही आणि भाव त्याचाच राहील.

काळंतिखट | १० एप्रिल, सकाळी ८:००

कुटलेलं तिखट विकत घेणाऱ्यांसाठी: ग्लासभर पाण्यावर चिमूटभर टाका. लगेच रंगाचे दोरे खाली उतरायला लागले तर वरून रंग घातलाय. तळाशी खरखरीत काही बसलं तर विटेचा भुगा असेल.

रसायनी | १० एप्रिल, सकाळी ८:४५

परीक्षा चांगली आहे, पण अर्धीच. ती पाण्यात विरघळणारा रंग पकडते. सुदान नावाचे रंग तेलात विरघळतात, मिरचीच्या खऱ्या रंगासारखेच, ते पाण्यात गप्प बसतात. खाण्यात ते घालायला बंदी आहे. २००५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये सुदान १ मिसळलेल्या मिरची पुडीमुळे ४०० च्या वर पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले होते, आणि ती पूड भारतातून गेलेली होती. हा रंग प्रयोगशाळेतच कळतो. म्हणून अख्खी मिरची घ्या आणि डोळ्यांसमोर कुटून आणा, हा आजीचा हट्ट मला अजूनही पटतो.

काळंतिखट | १० एप्रिल, सकाळी ९:१०

हे माहीत नव्हतं. आता अर्धाकिलोंसाठी एक सूचना. थेट एक-दोन किलो कुटू नका. प्रत्येक मिरचीची पन्नास-पन्नास ग्रॅम घरी मिक्सरवर फिरवा आणि तीन डब्यांत ठेवा. मग त्यातून दोन-तीन प्रमाणं करून, रोज एकाच भांड्यात, एकाच मापानं आमटी करा. आईंना चाखवा आणि प्रमाण सांगू नका. आमच्याकडं असं केलं तेव्हा कळलं की घरात चाळीस वर्षं "आमचं खास प्रमाण" म्हणून जे चाललं होतं ते कुणालाच आवडत नव्हतं.

अर्धाकिलो | १३ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

बाजारातून आलो. हात कोपरापर्यंत पोत्यात घातला, दुकानदारानं विचारलं, "मुंबईचे का?" गिरगावकर, हे तुमच्या खात्यावर.

पहिल्या दुकानात ब्याडगी दबून राहिली. दुसऱ्यात चार मोडल्या, त्यातल्या दोन आतून करड्या. तिसऱ्यात डब्बी मिळाली, सुरकुतलेली, वाजणारी. संकेश्वरीसाठी अजून तीन दुकानं फिरलो. एकानं भलतीच मिरची संकेश्वरी म्हणून दाखवली, जाड सालीची. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंकडे मिळाली. त्यांनी मला उलट विचारलं, "तिखट कोण खाणार?" मी म्हटलं, आई. त्या म्हणाल्या, मग लवंगी जपून घाल, जेवढी म्हणेल त्याच्या निम्मी.

लवंगी जिभेवर ठेवायचा प्रयोग केला. पंचगंगा, आपण यावर नंतर बोलू.

काळंतिखट यांच्या सूचनेप्रमाणे तीन डबे तयार आहेत. उद्यापासून आमटी.

पंचगंगा | १३ एप्रिल, संध्याकाळी ७:४४

दूध घ्या. थोडं बसा.

अर्धाकिलो | १७ एप्रिल, रात्री ९:५०

तीन दिवस, तीन आमट्या.

पहिल्या दिवशी पंचगंगा यांचं प्रमाण, ५००-३००-२००. आईनं खाल्लं, पाणी प्यायली (तिनं पाणी मागितलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं), म्हणाली, "चव चांगली आहे. मुलांना देऊ नको." मुलांनी आधीच पान बाजूला सरकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी, लवंगी शून्य. वास अप्रतिम, रंग छान. आई गप्प जेवली. शेवटी म्हणाली, "हे काय, पथ्याचं?"

तिसऱ्या दिवशी ४५० संकेश्वरी, ४५० ब्याडगी, १०० लवंगी. आईनं काही म्हटलं नाही. भाकरी संपल्यावर आमटीची वाटी पुढे केली, तेव्हा उठून मी पातेलंच आणलं. मुलांनी दही घालून खाल्लं.

एक गोष्ट करताना लक्षात आली. दुसऱ्या दिवशी तिखट फोडणीत घातलं आणि फोन आला, तेवढ्यात ते करपलं. टाकून परत फोडणी करावी लागली. तिसऱ्या दिवशी गॅस बंद केला, तेल थोडं निवू दिलं, मग तिखट आणि लगेच पाण्याचा हबका. तेलावर जी तर्री आली ती आधीच्या दोन्ही दिवसांपेक्षा लाल होती, ब्याडगी दुसऱ्या दिवसापेक्षा थोडी कमीच असून. म्हणजे गेल्या वर्षी दोन-तीन चमचे घालूनही रंग कधीकधी मातकट यायचा तो मिरचीचा दोष नव्हता, माझ्या फोडणीचा होता.

टेक्सासकर | १७ एप्रिल, रात्री ११:१५

गॅस बंद करून तिखट! मी गेली आठ वर्षं धुरात खोकत स्वयंपाक करतेय, इथे धुराचा भोंगा वाजतो आणि शेजारी दार ठोठावतात. उद्याच करून बघते.

वऱ्हाडी_वांगं | १८ एप्रिल, सकाळी ७:३०

मी पण मान्य करतो, ठेच्यात थोडे दाणे घालून पाहिले. वाईट नाही लागत. व्यवस्थापकांनी हा प्रतिसाद उडवला तरी चालेल.

अर्धाकिलो | २५ एप्रिल, रात्री ८:४०

कुटून झालं. सव्वा किलो मिरच्या आणल्या होत्या, वाळवून देठ काढल्यावर ११०० ग्रॅम भरल्या. मिरच्यांना थोडं तेल चोळून डंकावर नेल्या, त्यामुळे कुटताना धूळ कमी उडाली. सकाळी लवकर गेलो, पण तरी आधी एकाचा गरम मसाला कुटून झाला होता. डंकवाल्या काकांना सांगून पहिली मूठभर मिरची नुसती फिरवून बाजूला काढली आणि मग आपली टाकली, नाहीतर आमचं तिखट लवंग-दालचिनीचं झालं असतं. घरी आल्यावर लगेच बरणीत भरलं नाही. परातीत पसरून गार केलं, मग मीठ, मग चिनी मातीची बरणी, दादरा बांधून, हिंगाचे दोन खडे वरून. मांडवीकाठ यांचं ऐकून पाव किलो ब्याडगी अख्खीच ठेवली आहे, दिवाळीनंतर कुटू.

गिरगावकर | २५ एप्रिल, रात्री ९:०२

आणि आई काय म्हणाल्या?

अर्धाकिलो | २५ एप्रिल, रात्री ९:१०

बरणीत बोट घातलं, चाटलं, म्हणाली, "मीठ थोडं पुढं आहे." मग मावशीला फोन लावला आणि सांगितलं की यंदाचं तिखट घेऊन जा, आमच्याकडे जास्त झालंय. जास्त झालेलं नाही.

नवखी_सून | २६ एप्रिल, सकाळी १०:३०

सगळा धागा वाचून काढला. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात कुटायचं आहे. एकच विचारायचं होतं, हळद पण त्याच डंकावर नेली तर चालते का?

पंचगंगा | २६ एप्रिल, सकाळी १०:५२

चालते, पण मिरचीच्या आधी न्या. नाहीतर वर्षभर तिखट हळद खाल. आणि दुधात घालून लेकराला दिली की काय होतं ते आम्ही एकदा बघितलंय.